उरण वायू विद्युत केंद्र

उरण वायू विद्युत केंद्र हे महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात बोकडविरा येथे असलेले, नैसर्गिक वायूवर चालणारे विद्युत केंद्र आहे. महाराष्ट्र राज्य वीज निर्मिती कंपनी अर्थात महानिर्मिती हे केंद्र चालवते. त्याची स्थापित क्षमता ६७२ मेगावॅट असून तीत प्रत्येकी १०८ मेगावॅटची चार वायू टर्बाइने आणि प्रत्येकी १२० मेगावॅटची दोन वाफ टर्बाइने यांचा समावेश होतो. वाफ टर्बाइनांसाठी स्वतंत्र इंधन जाळले जात नाही. वायू टर्बाइनांतून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या उष्णतेवर ती चालतात. महानिर्मितीच्या औष्णिक केंद्रांपैकी नैसर्गिक वायूवर चालणारे हे एकमेव केंद्र होय.

कोळशावरील केंद्रांच्या तुलनेत या केंद्रातून प्रत्येक युनिट विजेमागे निम्म्याहून कमी कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. राख तर मुळीच तयार होत नाही. मात्र केंद्राची प्रत्यक्ष वीजनिर्मिती त्याच्या स्थापित क्षमतेवर नव्हे, तर त्याला मिळणाऱ्या वायूवर ठरते. पुरेसा वायू न मिळाल्यामुळे हे केंद्र दीर्घकाळ क्षमतेपेक्षा कमी चालत आले आहे. त्यामुळे केंद्राचे उत्पादन, त्याचे उत्सर्जन आणि राज्याच्या एकूण वीजव्यवस्थेचे उत्सर्जन या तीन गोष्टी परस्परांशी जोडूनच समजून घ्याव्या लागतात.

इतिहास

मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर अरबी समुद्रात १९७४ साली 'बॉम्बे हाय' या खनिज तेलक्षेत्राचा शोध लागला आणि १९७६ पासून तेथे उत्पादन सुरू झाले. तेलाबरोबर नैसर्गिक वायूही वर येतो. त्याला सहवायू म्हणतात. तेल साठवून जहाजाने नेता येते; वायूसाठी मात्र नळवाहिनी आणि दुसऱ्या टोकाला ग्राहक असावा लागतो. दोन्हींपैकी एक जरी नसले तरी तेलविहिरीवरचा वायू मशालीसारखा जाळून टाकावा लागतो. बॉम्बे हायच्या सुरुवातीच्या काळात बराच सहवायू असाच जळून गेला.

समुद्राखालून टाकलेल्या वाहिन्यांनी तेल आणि वायू उरणच्या किनाऱ्यावर आणण्यात आले व तेथे तेल आणि नैसर्गिक वायू आयोगाचा प्रक्रिया प्रकल्प उभा राहिला. या वायूला जवळच ग्राहक मिळावा आणि मुंबई परिसराची वाढती विजेची गरज भागावी, या दुहेरी हेतूने तत्कालीन महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने उरण येथे वायू विद्युत केंद्र उभारले. १९८२ साली प्रत्येकी ६० मेगावॅटची चार वायू टर्बाइने सुरू झाली. १९८५-८६ मध्ये प्रत्येकी १०८ मेगावॅटची आणखी चार टर्बाइने त्यांना जोडण्यात आली. १९९४ मध्ये १२० मेगावॅटचे दोन वाफ संच कार्यान्वित झाले. पहिल्या टप्प्यातील ६० मेगावॅटचे संच कालांतराने सेवेतून काढण्यात आल्यावर केंद्राची क्षमता ६७२ मेगावॅट राहिली.

६ जून २००५ रोजी विद्युत मंडळाचे विभाजन झाले आणि वीजनिर्मितीची केंद्रे महानिर्मितीकडे गेली. त्यांत उरणचाही समावेश होता. या केंद्राच्या शेजारी सुमारे १,२०० मेगावॅट क्षमतेचा विस्तार करण्याची योजना आखण्यात आली होती. परंतु वायूच्या उपलब्धतेची हमी नसल्याने ती पुढे सरकली नाही.

रचना आणि कार्यपद्धती

वायू टर्बाइनाचे तीन मुख्य भाग असतात: दाबयंत्र, ज्वलनकक्ष आणि टर्बाइन. दाबयंत्र बाहेरची हवा आत ओढून तिचा दाब अनेक पटींनी वाढवते. या हवेत ज्वलनकक्षामध्ये नैसर्गिक वायू मिसळून जाळला जातो. त्यातून निर्माण होणारे उच्च तापमानाचे वायू टर्बाइनाच्या पात्यांवरून वेगाने जातात आणि ती फिरवतात. टर्बाइनाच्या आसाला विद्युत जनित्र जोडलेले असते. टर्बाइनाने निर्माण केलेल्या शक्तीचा मोठा भाग दाबयंत्र चालवण्यातच खर्च होतो. उरलेल्या शक्तीपासून वीज मिळते.

पाती फिरवून बाहेर पडणाऱ्या वायूंचे तापमान तेव्हाही ५०० अंश सेल्सियसच्या आसपास असते. ते थेट धुराड्यातून सोडून दिल्यास त्या पद्धतीला 'खुले चक्र' म्हणतात. त्याऐवजी ते उष्णता पुनर्प्राप्ती बाष्पित्रातून नेले तर त्यांच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेवर दुसरे टर्बाइन चालवता येते. या पद्धतीला 'संयुक्त चक्र' असे नाव आहे.

उरण येथे दोन वायू टर्बाइनांमागे एक वाफ टर्बाइन अशी जोडणी आहे. चार वायू टर्बाइनांची क्षमता ४३२ मेगावॅट आणि दोन वाफ टर्बाइनांची २४० मेगावॅट होते. म्हणजे पूर्ण क्षमतेने चालताना केंद्रातील सुमारे ३६ टक्के वीज कोणतेही जादा इंधन न जाळता मिळते. १९८५-८६ ते १९९४ या काळात १०८ मेगावॅटच्या संचांची ही उष्णता हवेत जात होती. वाफ संच आल्यानंतर तेवढ्याच वायूपासून दीडपटीहून अधिक वीज मिळू लागली.

इंधनाचा वापर व कार्यक्षमता

विद्युत केंद्राची कार्यक्षमता भारतात सामान्यतः 'उष्णता दर' या मापाने सांगितली जाते. एक युनिट, म्हणजे एक किलोवॅट-तास, वीज निर्माण करण्यासाठी इंधनातील किती किलोकॅलरी उष्णता लागते हे त्यावरून कळते. एक युनिट वीज ही ८६० किलोकॅलरी उष्णतेच्या बरोबरीची असते. उष्णता दर २,००० असेल तर कार्यक्षमता ४३ टक्के होते. तो ३,००० असेल तर सुमारे २९ टक्के. उरणच्या पिढीतील केंद्रांसाठी संयुक्त चक्रात २,००० आणि खुल्या चक्रात ३,००० ही स्थूलमानाने धरता येण्याजोगी मूल्ये आहेत. अलीकडच्या काळातील संयुक्त चक्र केंद्रांची कार्यक्षमता ६० टक्क्यांच्या आसपास पोहोचली आहे.

नैसर्गिक वायूच्या एका घनमीटरात सुमारे ९,००० किलोकॅलरी उष्णता असते. त्यावरून हिशेब केल्यास उरण केंद्र चोवीस तास पूर्ण क्षमतेने चालवण्यासाठी दररोज सुमारे ३६ लाख घनमीटर वायू लागतो.

वीजनिर्मिती

स्थापित क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती

६७२ मेगावॅटचे केंद्र वर्षातील ८,७६० तास अखंड पूर्ण भाराने चालले, तर सुमारे ५८९ कोटी युनिट वीज निर्माण होईल. प्रत्यक्षात कोणतेही केंद्र असे चालत नाही. निर्माण झालेली वीज आणि ही सैद्धांतिक कमाल वीज यांच्या शेकडा प्रमाणाला 'संयंत्र भारांक' म्हणतात. भारांक ५० टक्के असल्यास उरणची वार्षिक निर्मिती सुमारे २९४ कोटी युनिट होते.

निर्मितीवर तीन गोष्टींचा प्रामुख्याने परिणाम होतो.

पहिली गोष्ट म्हणजे वायूचा पुरवठा. वायू कमी आल्यास काही टर्बाइने बंद ठेवावी लागतात. जोडीतील एकच वायू टर्बाइन चालू असेल तर त्यामागील वाफ टर्बाइनाला निम्मीच वाफ मिळते. वाफ संच दुरुस्तीसाठी बंद असेल आणि वायू टर्बाइन खुल्या चक्रात चालवावे लागले, तर तेवढ्याच वायूतून वीज कमी मिळते. म्हणून पुरवठ्यातील चढउतारांमुळे केवळ विजेचे प्रमाणच नव्हे, तर तिची इंधन-कार्यक्षमताही बदलते.

दुसरी गोष्ट हवेचे तापमान. वायू टर्बाइनाची क्षमता १५ अंश सेल्सियस या प्रमाणित तापमानाला मोजली जाते. हवा तापली की ती विरळ होते आणि दाबयंत्रात शिरणाऱ्या हवेचे वस्तुमान घटते. तापमानातील प्रत्येक अंशाच्या वाढीमागे निर्मिती साधारणपणे अर्धा ते पाऊण टक्का कमी होते. कोकणातील ३५ अंशांच्या दुपारी ही घट दहा टक्क्यांच्या पुढे जाऊ शकते. विजेची मागणी उन्हाळ्यात वाढते, तेव्हाच टर्बाइनाची ताकद कमी झालेली असते.

तिसरी गोष्ट स्वतःसाठी लागणारी वीज. पंप, पंखे व इतर साहाय्यक यंत्रांसाठी प्रत्येक केंद्र स्वतःच्या विजेचा काही भाग वापरते. संयुक्त चक्र केंद्रात हा वापर तीन टक्क्यांच्या आसपास असतो. कोळसा दळणे, राख वाहून नेणे अशी कामे असलेल्या २१० मेगावॅटच्या जुन्या कोळसा संचांत तो आठ-नऊ टक्क्यांपर्यंत जातो. त्यामुळे तेवढीच वीज निर्माण झाली तरी वायू केंद्रातून ग्राहकापर्यंत थोडी अधिक वीज पोहोचते.

वायूचा तुटवडा

बॉम्बे हाय व आसपासच्या जुन्या क्षेत्रांतील उत्पादन कालांतराने घटत गेले आणि त्याच वेळी वायूचे मागणीदार वाढले. खत कारखाने, वाहनांसाठीचा दाबयुक्त वायू, घरगुती नळवायू आणि वीजनिर्मिती या सर्वांना एकाच साठ्यातून पुरवठा करायचा असल्याने केंद्र सरकारने वाटपाचा अग्रक्रम ठरवला आहे. त्यात वाहने व घरगुती वापर यांना वीजनिर्मितीच्या वरचे स्थान आहे. शहरांत नळवायूचे जाळे पसरत गेले तसतसा स्वस्त देशी वायूतील वीज केंद्रांचा वाटा आक्रसत गेला.

आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्याजवळील कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायूचे उत्पादन एप्रिल २००९ मध्ये सुरू झाले, तेव्हा ही टंचाई संपेल अशी अपेक्षा होती. त्या भरवशावर देशात अनेक वायू केंद्रे उभी राहिली. परंतु तेथील उत्पादन काही वर्षांतच वेगाने घसरले. देशातील वायू केंद्रांची एकूण क्षमता मोठी असूनही अलीकडच्या वर्षांत त्यांचा सरासरी भारांक २५ टक्क्यांच्या खाली राहिला आहे. देशाच्या एकूण वीजनिर्मितीतील त्यांचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास आहे.

आयात केलेला द्रवरूप वायू हा पर्याय असतो. पण त्यात किमतीचा प्रश्न येतो. एप्रिल २०२३ पासून जुन्या क्षेत्रांतील देशी वायूची किंमत भारतीय खनिज तेलाच्या सरासरी किमतीच्या दहा टक्के अशी ठरवण्यात आली आणि दशलक्ष ब्रिटिश थर्मल युनिटला ६.५ डॉलर ही कमाल मर्यादा घालण्यात आली. या कमाल दराने संयुक्त चक्रातील एका युनिटाचा केवळ इंधनखर्चच चार रुपयांच्या वर जातो. आयात वायू याच्या दुप्पट दराने घ्यावा लागला तर इंधनखर्चही दुप्पट होतो. राज्यात कोणत्या केंद्राची वीज आधी घ्यायची हे इंधनखर्चाच्या चढत्या क्रमाने ठरते. या क्रमवारीत महागड्या वायूवरची वीज शेवटी येते आणि बहुतेक वेळा ती घेतलीच जात नाही.

उत्सर्जन

कार्बन डायऑक्साइड

नैसर्गिक वायूचा मुख्य घटक मिथेन आहे. त्याच्या एका रेणूत कार्बनचा एक आणि हायड्रोजनचे चार अणू असतात. मिथेन जळताना त्याची बरीचशी उष्णता हायड्रोजनाच्या ज्वलनातून मिळते आणि त्यातून केवळ पाण्याची वाफ तयार होते. कोळशातील उष्णता मुख्यतः कार्बनच्या ज्वलनातून येते. तेवढीच उष्णता मिळवताना वायूपासून कमी कार्बन डायऑक्साइड बाहेर पडण्याचे हे मूळ कारण आहे. संयुक्त चक्राची अधिक कार्यक्षमता हे त्याला जोडून येणारे दुसरे कारण होय.

एक किलो मिथेन पूर्ण जळल्यावर २.७५ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. २,००० किलोकॅलरी उष्णतेसाठी सुमारे ०.१५ किलो मिथेन लागतो. म्हणून संयुक्त चक्रात एका युनिट विजेमागे सुमारे ०.४२ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. खुल्या चक्रात इंधन दीडपट लागत असल्याने हा आकडा सुमारे ०.६३ किलो होतो. भारतातील जुन्या पद्धतीच्या कोळसा संचांत तो ०.९ ते १ किलोच्या दरम्यान असतो.

उरण केंद्र वर्षभर पूर्ण क्षमतेने संयुक्त चक्रात चालले तर त्यातून सुमारे २५ लाख टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडेल. तेवढीच वीज कोळशापासून प्रतियुनिट ०.९५ किलो या दराने निर्माण केल्यास हे उत्सर्जन सुमारे ५६ लाख टन होईल.

कमी निर्मितीचा परिणाम

केंद्र कमी चालले की त्याच्या धुराड्यातून कमी कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. केवळ त्या केंद्राचा हिशेब ठेवल्यास ही घट सुधारणेसारखी दिसते. परंतु विजेची मागणी कमी झालेली नसते. न निर्माण झालेली वीज दुसऱ्या केंद्राकडून घेतली जाते. महाराष्ट्रात ते दुसरे केंद्र बहुधा कोळशावर चालणारे असते. वरील आकड्यांनुसार उरणमध्ये निर्माण न झालेली एक कोटी युनिट वीज कोळशापासून घेतली गेली, तर राज्याचे एकूण उत्सर्जन सुमारे ५,३०० टनांनी वाढते. केंद्र वर्षभर निम्म्या भारांकाने चालले आणि उरलेली सर्व वीज कोळशापासून आली असे मानल्यास ही वाढ सुमारे साडेपंधरा लाख टनांची होते. हीच तूट सौर किंवा पवन ऊर्जेतून भरली गेली, तर मात्र एकूण उत्सर्जन घटते. म्हणून एखाद्या वायू केंद्राच्या कमी उत्सर्जनाचा अर्थ लावताना त्याची जागा कोणत्या विजेने घेतली हे पाहावे लागते.

मिथेनची गळती

नैसर्गिक वायूचा लाभ धुराड्यापर्यंतच मोजणे अपुरे ठरते. विहीर, प्रक्रिया प्रकल्प, नळवाहिन्या आणि झडपा यांतून न जळलेला मिथेन हवेत निसटू शकतो. हवामान बदलावरील आंतरसरकारी मंडळाच्या सहाव्या मूल्यमापन अहवालानुसार जीवाश्म इंधनांतून आलेला मिथेन शंभर वर्षांच्या कालावधीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ३० पट, तर वीस वर्षांच्या कालावधीत सुमारे ८२ पट तापमानवाढ घडवतो. मिथेन वातावरणात साधारण बारा वर्षे टिकतो, त्यामुळे त्याचा परिणाम सुरुवातीच्या दशकांत तीव्र असतो.

उत्पादित वायूपैकी तीन टक्के वायू वाटेत गळतो असे उदाहरणादाखल धरल्यास, वीस वर्षांच्या कालावधीच्या मापाने संयुक्त चक्रातील एका युनिटामागे सुमारे ०.३९ किलो कार्बन डायऑक्साइडइतक्या परिणामाची भर पडते. एकूण आकडा ०.८ किलोच्या आसपास जातो आणि कोळशाशी असलेले अंतर बरेच कमी होते. खुल्या चक्रात तो १.२ किलोपर्यंत पोहोचतो, म्हणजे कोळशाच्या धुराड्यापेक्षाही अधिक होतो. गळती एक टक्क्यावर रोखल्यास संयुक्त चक्रातील भर केवळ ०.१३ किलो राहते. कोळशाच्या खाणींतूनही मिथेन बाहेर पडतो, हे दोन्ही इंधनांची काटेकोर तुलना करताना विचारात घेतले जाते.

याउलट, जो सहवायू एरवी तेलक्षेत्रावर जाळून टाकला जाणार होता तो विद्युत केंद्रात वापरल्यास कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन जवळजवळ तेवढेच राहते, पण त्याच्या मोबदल्यात वीज मिळते. उरण केंद्राच्या आरंभीच्या काळाचे मूल्यमापन करताना ही बाब महत्त्वाची ठरते.

इतर प्रदूषके

नैसर्गिक वायूतील गंधक प्रक्रियेच्या वेळीच मोठ्या प्रमाणात वेगळे केले जाते. त्यामुळे वायू केंद्रातून सल्फर डायऑक्साइड नगण्य प्रमाणात बाहेर पडतो. सूक्ष्म धूलिकणांचे प्रमाणही अत्यल्प असते. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण बहुधा ३० ते ४० टक्क्यांच्या घरात असल्याने कोळसा केंद्रांना राखेचे विस्तीर्ण तलाव राखावे लागतात. वायू केंद्रात हा प्रश्न उद्भवत नाही.

वायू टर्बाइनातील मुख्य स्थानिक प्रदूषक म्हणजे नायट्रोजनाची ऑक्साइडे. ती इंधनातून नव्हे, तर हवेतूनच तयार होतात. ज्वलनकक्षातील तापमान सुमारे १,५०० अंश सेल्सियसच्या पुढे गेल्यावर हवेतील नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग होतो. ही ऑक्साइडे श्वसनमार्गाला अपायकारक असून सूर्यप्रकाशात जमिनीलगत ओझोन तयार होण्यास कारणीभूत ठरतात. ज्वालेत पाणी किंवा वाफ सोडून तापमान उतरवणे आणि हवा व वायू आधीच एकजीव करून जाळणे हे त्यांना आवर घालण्याचे प्रचलित उपाय आहेत. धुरातील त्यांचे प्रमाण धुरात १५ टक्के ऑक्सिजन आहे असे गृहीत धरून, दशलक्ष भागांतील भाग या एककात नोंदवले जाते. केंद्र वारंवार चालू-बंद केल्यास अथवा अगदी कमी भारावर चालवल्यास ज्वलन अपूर्ण राहून कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण वाढते.

पाण्याचा वापर आणि परळी केंद्राशी तुलना

औष्णिक केंद्रात सर्वाधिक पाणी वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करण्यासाठी लागते. कोळसा केंद्रातील सर्व वीज वाफेपासून येते. संयुक्त चक्र केंद्रातील सुमारे एक तृतीयांशच वीज वाफेपासून मिळते. त्यामुळे प्रतियुनिट पाण्याची गरज बरीच कमी असते. खुल्या चक्रात वाफ नसल्याने ती जवळजवळ नसतेच.

या फरकाचे महत्त्व मराठवाड्यातील परळी औष्णिक विद्युत केंद्राच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. बीड जिल्ह्यातील परळी-धर्मापुरी परिसर समुद्रातील वायूक्षेत्रांपासून दूर आहे आणि तेथील वीजनिर्मितीचा इतिहास कोळशाशी निगडित आहे. परळी येथे १९७१ साली ३० मेगावॅटच्या संचांनी सुरुवात झाली. पुढे २१० व २५० मेगावॅटचे संच उभे राहिले. जुने संच निवृत्त झाल्यावर प्रत्येकी २५० मेगावॅटचे तीन संच राहिले आणि क्षमता ७५० मेगावॅट झाली, म्हणजे उरणहून थोडी अधिक. या केंद्राला गोदावरीवरील खडका बंधाऱ्यातून पाणी मिळते. २०१३ आणि २०१५ या दुष्काळी वर्षांत पाण्याअभावी संपूर्ण केंद्र बंद ठेवावे लागले. कोळसा होता, यंत्रे होती, विजेची मागणीही होती. पण पाणी नव्हते. २०१५ मधील केंद्र सरकारच्या पाणीवापर-नियमांनंतरही हा धोका टळला असे म्हणता येत नाही, कारण बंधाऱ्यातील साठा पावसावर अवलंबून असतो आणि टंचाईत पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम द्यावा लागतो.

उरणला वायू नाही म्हणून आणि परळीला पाणी नाही म्हणून अशी दोन्ही केंद्रे वेगवेगळ्या कारणांनी थांबली. दोन्हींच्या बाबतीत कागदावरची क्षमता कायम राहिली, प्रत्यक्ष वीज मात्र मिळाली नाही.

महाराष्ट्रातील इतर वायू केंद्रे

रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील अंजनवेल येथील केंद्र हे राज्यातील सर्वांत मोठे वायू केंद्र आहे. अमेरिकेतील एन्रॉन कंपनीच्या पुढाकाराने १९९२ मध्ये दाभोळ प्रकल्प म्हणून त्याची बोलणी सुरू झाली. ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये नाफ्ता या इंधनावर सुरू झाला. विजेच्या दरावरून विद्युत मंडळाशी वाद होऊन मे २००१ मध्ये निर्मिती थांबली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात एन्रॉन दिवाळखोरीत गेली. जुलै २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन होऊन प्रकल्प तिच्याकडे आला. १,९६७ मेगावॅट क्षमतेचे हे केंद्र कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायूवर काही काळ चालले. पण तो पुरवठा आटल्याने २०१३ च्या अखेरीस पुन्हा बंद पडले. नोव्हेंबर २०१५ पासून रेल्वेला सुमारे ५०० मेगावॅट वीज देण्यासाठी ते अंशतः सुरू करण्यात आले.

मुंबईतील तुर्भे (ट्रॉम्बे) येथे टाटा पॉवर कंपनीचा १८० मेगावॅटचा संयुक्त चक्र संच आहे. दाट लोकवस्तीजवळ असल्याने तेथे राख व धूर नसलेल्या इंधनाला विशेष महत्त्व आहे.

वीजव्यवस्थेतील स्थान

वायू टर्बाइन थंड स्थितीतून अर्ध्या तासाच्या आत पूर्ण भारावर आणता येते. कोळशाच्या थंड संचाला त्यासाठी अनेक तास लागतात. सौर ऊर्जेचा वाटा वाढत असताना या गुणाचे मोल वाढले आहे. सूर्यास्तानंतर सौर वीज थांबते आणि नेमकी त्याच वेळी घराघरांतील मागणी वाढते. ही दरी भरून काढण्यासाठी वायू केंद्रे, जलविद्युत केंद्रे, उदंचन प्रकल्प आणि विद्युत घट संच हे पर्याय उपलब्ध आहेत.

संध्याकाळच्या काही तासांसाठी वायू केंद्र चालवल्यास त्याचा वार्षिक भारांक कमी राहतो, पण तेवढ्यावरून ते निरुपयोगी ठरत नाही. मात्र अशा वापरात दोन मर्यादा येतात. बाष्पित्र तापून वाफ संच भारावर यायला वायू टर्बाइनापेक्षा अधिक वेळ लागतो, त्यामुळे सुरुवातीचा काळ खुल्या चक्रासारखाच, म्हणजे जास्त इंधन आणि जास्त उत्सर्जनाचा असतो. शिवाय वारंवार तापण्या-थंडावण्याने धातूचे भाग लवकर झिजतात. उरणचे संच १९८० च्या दशकातील असल्याने हा मुद्दा तेथे अधिक लागू होतो. केंद्राची पुढील उपयुक्तता त्यामुळे तीन बाबींवर अवलंबून राहते: वाजवी दरातील वायू, वाफ संचांची सलग उपलब्धता आणि पुरवठा साखळीतील मिथेनच्या गळतीवर नियंत्रण.